उंदीरघरातली शिंक

७ जानेवारी

काल प्रयोगवहीत मी लिहिलं होतं, 'पेशी आज रुसल्या आहेत, काही केल्या बोलत नाहीत.' मॅडमनी त्याखाली लाल पेनानं लिहिलंय, 'पेशी रुसत नाहीत. रुसवेफुगवे घरच्या वहीत.' म्हणून ही घरची वही.

माझी फेलोशिप मेअखेर संपते. चार वर्षं मी एकाच प्रश्नाच्या मागे आहे. आज जेवताना आप्पांनी विचारलं, 'नेमकं काय करतेस, एकदा नीट सांग. शेजारी विचारतात तेव्हा मी नुसता हसतो.' मग सांगितलं. आपल्या कातडीखाली, नाकात, श्वासनळीभोवती मास्ट पेशी असतात. हिस्टामिनच्या बारीक पुड्या पोटात भरून त्या गप्प बसलेल्या असतात. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या अंगात नको ती वस्तू शिरली, की पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं आणि पुड्या फुटतात. मग शिंका, खाज, सूज. फारच बिघडलं तर श्वास बंद.

हे कॅल्शियम दोन टप्प्यांत वाढतं. आधी पेशीच्या आतला साठा सुटतो, तो एक झटका. साठा रिता झाला की बाहेरच्या भिंतीतली दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम लोंढ्यानं आत येतं. पुड्या मुख्यतः लोंढ्यामुळे फुटतात. आमच्याकडे एक पांढरी भुकटी आहे, तिला आम्ही 'चौदा नंबर' म्हणतो. ती ही दारं अडवते, असं मला वाटतं. ते सिद्ध करायला माझ्या हातात पाच महिने आहेत.

आप्पांनी पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. ते म्हणाले, 'आमच्याकडे दार उघडं राहिलं की लिफ्ट चालायची नाही. तुमच्याकडे दार उघडलं की माणूस बंद पडतो. अजब खातं आहे तुमचं.'

१२ जानेवारी

उंदीरघरात तीन तास. मास्ट पेशी उंदराच्या मांडीच्या हाडातल्या मगजापासून वाढवाव्या लागतात. पाच आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस त्यांचं खाणंपिणं तान्ह्या बाळासारखं सांभाळावं लागतं.

ओळीनं अकरा शिंका आल्या. मी मोजल्या नाहीत, उंदीरमामांनी मोजल्या. मामा बावीस वर्षं उंदीरघर सांभाळतायत. सगळेच त्यांना उंदीरमामा म्हणतात, आता तर फोन उचलला की तेही तेच नाव सांगतात. पिंजऱ्यातला भुसा बदलता बदलता म्हणाले, 'पोरी, मास्क नाकावर लावायचा असतो. हनुवटीला सर्दी होत नाही.'

मी म्हटलं, फरशी पुसायचं औषध बदललंय ना, त्याच्या वासानं होतंय. ते माझ्याकडे बघत राहिले आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले.

२० जानेवारी

आज जमलं!

पेशींत एक रंग भरून ठेवावा लागतो, तो कॅल्शियम भेटलं की हिरवा उजळतो. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. साध्या पेशींवर अ‍ॅलर्जीचा थेंब टाकला. दहा सेकंद काही नाही. मग एक उजळली, मग तिच्या पलीकडची, बघता बघता सगळं मैदान हिरवं, आणि दहा मिनिटं हिरवंच. चौदा नंबर दिलेल्या पेशींना तोच थेंब टाकला. झटका आला, लोंढा आला नाही. पेटल्या आणि विझल्या.

पेशी ठेवलेल्या पाचपैकी तीन बशांमध्ये असं झालं. उरलेल्या दोन बशांत काहीच फरक नाही. आनंद पुरा अर्धा तास टिकला, मग त्या दोन बशांनी डोकं खायला सुरुवात केली.

२७ जानेवारी

मनगटावर लाल गांध्या उठल्यात. हातमोजे बदलून पाहिले, तरी आहेतच. डोळे इतके चोळले की आप्पा म्हणाले, 'तू उंदरांवर काम करतेस की सशांवर? डोळे बघ आरशात.'

३ फेब्रुवारी

चार दिवस ताईकडे होते. भाच्यांनी अंगाखांद्यावर नाचून घेतलं, तरी चार दिवसांत एक शिंक नाही, खोकला नाही. सकाळी आठपर्यंत झोपले. ताईचं म्हणणं, 'कामावर जायचा कंटाळा आला की तुला सर्दी होते. शाळेतही तसंच होतं तुझं.' असेलही. मन थकलं की अंग बोलायला लागतं म्हणतात.

५ फेब्रुवारी

काल पुन्हा उंदीरघर, संध्याकाळपासून पुन्हा खोकला. वातानुकूलनाच्या जाळ्यांत वर्षाची धूळ साठली असणार. ऑफिसात अर्ज देऊन आले, चांगला कडक शब्दांत. इतक्या शिकलेल्या लोकांची संस्था, आणि साध्या धुळीकडे कुणाचं लक्ष नाही.

१४ फेब्रुवारी

जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर गेले तर छातीत शिट्टी वाजायला लागली. आप्पांचा दम्याचा एक जादा पंप असतो, तो महिनाभर मीच कामावर नेतेय. दोन वेळा ओढला. पाच मिनिटांत मोकळी! म्हणजे विशेष काही नाही, धूळच.

दुपारी मात्र विचित्र प्रकार झाला. थेंब टाकायच्या आधीच पेशी उजळल्या. नुसतं पाणी सोडलं तरी उजळल्या. तीन बशा वाया. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, माझा हात थरथरतोय. पाण्याची धार जोरात पडते आणि धक्क्यानंच पेशी बिथरतात. त्या आधीच्या दोन बशाही याच कारणानं गेल्या असतील का? चहा कमी करायला हवा. कामावर असले की हल्ली बसवत नाही, उभं राहवत नाही, अंगात कुणीतरी मोटर चालू ठेवल्यासारखं वाटतं.

२२ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, 'उद्यापासून उंदरांचं काम चष्मेवाली करेल. तू फक्त सूक्ष्मदर्शकावर बस.'

चष्मेवाली म्हणजे दोन महिन्यांपूर्वी आलेली नवी मुलगी. हुशार आहे, गोड बोलते, सगळं लिहून घेते. मला तेव्हाच समजायला हवं होतं की ती काय लिहून घेतेय.

मी म्हटलं, 'मॅडम, शेवटच्या तीन महिन्यांत माझं काम दुसऱ्याच्या हातात?'

'खोकला कधीपासून आहे तुला?'

'विषय बदलू नका, मॅडम.'

'मी विषयावरच आहे. डॉक्टरांकडे जाऊन ये, मग बोलू.'

मला कळतं त्यांना काय सुचवायचंय. अ‍ॅलर्जी! चार वर्षं मी दुसरं काय शिकतेय? मला अ‍ॅलर्जी झाली तर ती सगळ्यात आधी मलाच कळणार नाही का? आजारी ठरवून बाजूला सारायचं आणि निष्कर्षावर नव्या मुलीचं नाव लावायचं, किती सोपं आहे. उंदीरघराच्या भिंतीवर एक नवी लाल पेटीही आलीय, 'तातडीचे औषध' लिहिलेली. बावीस वर्षं काही नव्हतं, आता एकदम सुरक्षेचा पुळका.

डॉक्टरांकडे जाणार नाही. गेले, आणि त्यांनी एक कागद लिहून दिला, तर संपलंच.

१ मार्च

आप्पांनी पंप टेबलावर ठेवला. त्याच्या पाठीवर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा असतो.

'हा आकडा माझ्या वयापेक्षा भरभर चाललाय,' ते म्हणाले. 'आणि मी तर या पंपाला हात लावलेला नाही.'

मी सांगितलं, थोडी धूळ आहे कामावर.

त्यांनी आवाज चढवला नाही. 'लिफ्टच्या भुयारात मीही अठरा वर्षं धूळच म्हणत होतो. तुझी आई म्हणायची डॉक्टरकडे चला. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात.' मग टीव्हीचा आवाज वाढवला.

जाईन. मे संपला की जाईन.

८ मार्च

चष्मेवालीनं आणलेल्या मगजातून वाढवलेल्या पेशी बुरशीनं खाल्ल्या. ती रडली. मी तिला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, किंवा जवळ तरी घ्यायला हवं होतं, दोन्ही केलं नाही. डोक्यात एकच हिशेब चालू होता. आज मगज काढला तर पेशी एप्रिलच्या मध्याला तयार. आठवडाभर उशीर झाला तर सगळं कोसळणार.

उद्या रविवार आहे. सकाळी मामांशिवाय उंदीरघरात कुणी नसतं.

११ मार्च, हॉस्पिटल

हाताला सलाईन आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रविवारी नऊ वाजता गेले. मामा म्हणाले, 'तुझं नाव यादीत नाही.' मी म्हटलं, 'दहा मिनिटं, मामा.' ते दारातच उभे राहिले, आत जाऊ देऊ की नको अशा चेहऱ्यानं, आणि मी त्यांच्या बाजूनं आत शिरले. घाईत उंदीर नीट धरला नाही. हातमोज्यातून बोटाला चावला. यापूर्वी पाचसहा वेळा चावलेत, साबणानं धुवायचं आणि कामाला लागायचं.

नळ सोडला तेव्हा तळहात खाजत होते. मग तळपाय. मग ओठ जड झाले, कुणीतरी दुसऱ्याचे ओठ आणून लावल्यासारखे. आणि मला सगळं माहीत होतं! हीच ती भयंकर गोष्ट. आत काय चाललंय ते मला दिसत होतं, झटका, साठा रिता, दारं उघडली, लोंढा. मी सूक्ष्मदर्शकावर मोजते तशी मनात सेकंद मोजत होते. चाळीसच्या पुढे मोजता आलं नाही. घसा आवळला. भिंत धरायला गेले तर भिंत सरकली.

मामा धावत आले. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं. काय नको होतं मला? बहुतेक कुणाला कळायला नको होतं. त्यांनी लाल पेटी फोडली, अ‍ॅड्रेनलिनचं पेन काढलं आणि कपड्यांवरूनच मांडीत दाबलं. जमिनीवर आडवं केलं, पाय पिंजऱ्याच्या खोक्यावर ठेवले. 'श्वास घे. माझ्याकडे बघ. घे श्वास.' त्यांचा मास्क घामानं भिजला होता, हात मात्र अगदी स्थिर होते.

मग छाती उघडली. काळीज असं धडधडत होतं की आवाज बाहेर येत असेल. रुग्णवाहिकेत मी बडबडत होते म्हणे, की पिंजऱ्यातल्या उंदराला पाणी द्या.

१३ मार्च

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल समोर ठेवला. उंदराच्या मुताकेसांतल्या प्रथिनाविरुद्ध माझं शरीर दोन वर्षांपासून तरी तयार होत असणार. त्यांनी शांतपणे सांगितलं, 'उंदीरघरात पुन्हा पाऊल नाही. कधीच नाही.' आणि विचारलं, 'तुम्ही काम कशावर करता?' मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल आभारी आहे.

दुपारी मॅडम आल्या. स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, परीक्षेला आल्यासारख्या.

'मला आधी का नाही सांगितलंत?' मी विचारलं.

'तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू भांडलीस. दार बंद करून कुलूप लावायला हवं होतं, ते केलं नाही. ती चूक माझी.'

लाल पेटी त्यांनीच बसवून घेतली होती. माझ्या शिंका मामांनी जानेवारीतच त्यांच्या कानावर घातल्या होत्या. आणि त्यांनी एक कागद दाखवला. माणसाच्या रक्तातल्या पेशींवर चौदा नंबर वापरून बघायच्या परवानगीचा अर्ज. तारीख जानेवारीच्या शेवटची, अर्जात नाव एकटं माझं. उंदरांशिवाय माझं काम पुढे कसं जाईल, याचा विचार त्या तेव्हापासून करत होत्या. आणि मी या वहीत त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय! खोडणार नाही. असू दे.

त्या गेल्यावर आप्पा आले. त्यांनी पायावरचं पांघरूण तीनदा नीट केलं. तिसऱ्यांदा त्यांचा हात तिथेच राहिला.

२ एप्रिल

रक्तात बेसोफिल नावाच्या पेशी असतात, मास्ट पेशींच्या चुलतबहिणीच म्हणायच्या. त्याही तशाच उजळतात. परवानगी आली, पण पहिलं रक्त कुणाचं घ्यायचं? उंदराची अ‍ॅलर्जी असलेला माणूस कुठून शोधून आणायचा? चष्मेवाली माझ्याकडे बघून खाली बघायला लागली. मी बाही वर केली.

उंदराच्या प्रथिनाची बाटली मी शिवायचीही नाही, म्हणून थेंब तिनं शेजारच्या खोलीत, बंद काचपेटीत टाकला. मी काचेअलीकडे पडद्यासमोर. माझ्याच पेशी. दहा सेकंद, पंधरा, आणि उजळल्या. यांनीच मला त्या दिवशी मारायला घेतलं होतं, आणि पडद्यावर केवढ्या देखण्या दिसत होत्या.

मग चौदा नंबर दिलेल्या. झटका आला. मी श्वास रोखून लोंढ्याची वाट बघत राहिले. आला नाही.

चष्मेवाली आतून ओरडली, 'ताई, विझल्या?' ती मला ताई म्हणते हे मला आजच ऐकू आलं. मी म्हटलं, 'विझल्या गं.' दोघी वेड्यासारख्या हसलो. तिचा हात लोण्यासारखा चालतो, एकही बशी वाया गेली नाही. हेही तिला सांगितलं.

पण एका माणसाच्या रक्तानं काही सिद्ध होत नाही. ज्यांना अ‍ॅलर्जी नाही अशांचंही रक्त हवं, त्यांच्या पेशी शांत राहिल्या पाहिजेत.

१० एप्रिल

बावीस वर्षं उंदरांत राहून ज्याला काही झालं नाही, त्याच्याइतकं चांगलं रक्त कुणाचं? मी मामांना विचारलं. ते आढेवेढे घेत होते, सुईची भीती वाटते म्हणाले. मला सुई टोचणारा माणूस! मी चेष्टा करून करून त्यांना खुर्चीत बसवलं.

त्यांच्या पेशी उजळल्या. माझ्यापेक्षा लवकर आणि माझ्यापेक्षा जास्त.

दोनदा पुन्हा करून पाहिलं. तेच.

११ एप्रिल

पेशी उजळल्या म्हणजे माणूस आजारी असतोच असं नाही. हे मी सकाळभर स्वतःला सांगत होते. मग उंदीरघराशेजारच्या त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावलं.

'मामा, त्रास होतो ना तुम्हाला?'

ते रिकाम्या पिंजऱ्यांना चिठ्ठ्या लावत राहिले. हात न थांबवता म्हणाले, 'दोन उशा लागतात झोपायला. आता तीन. बायकोला सांगितलंय, पाठ दुखते.'

'किती वर्षं?'

'नऊ. दहा. दोन मास्क लावतो, घरी गेल्यावर आंघोळ करतो, भागतं.' मग माझ्याकडे वळले. 'पोरी, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. मला दुसरं काही येत नाही. कुणाला सांगू नकोस. माझं रक्त खराब झालं म्हण, सांडलं म्हण.'

मला राग आला. त्यांचा नव्हे, हे सगळं इतकं ओळखीचं वाटलं त्याचा. मी काय बोलणार होते? मे संपला की जाईन म्हणणारी मी.

'म्हणून तुम्हाला माझ्या शिंका मोजता आल्या,' मी म्हटलं. 'माझं मॅडमना सांगितलंत. स्वतःचं नाही.'

'तुझं वय काय, माझं काय.'

'मामा, त्या दिवशी सुई टोचताना मी नको म्हणत होते.'

'म्हणत होतीस.'

'ऐकलंत माझं?'

हातातली चिठ्ठी त्यांनी चुकीच्या पिंजऱ्यावर लावली, काढली, पुन्हा तिथेच लावली.

'उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी बरोबर येते,' मी म्हटलं. 'मॅडमना तुम्ही सांगा. पण आज सांगा. मी इथून हलणार नाही.'

वीस मिनिटं लागली. मी खरंच हलले नाही. दारातली काचेची फट, पलीकडे सातशे उंदरांची खुडबुड, आणि माझ्या घशात आधीच खाज. तीही त्यांना दिसली असणार, कारण ते एकदम उठले. 'चल बाहेर आधी तू,' दरडावून म्हणाले, मला जवळजवळ ढकललं आणि मॅडमच्या खोलीकडे चालायला लागले. मी मागे मागे.

२४ मे

फेलोशिप एक वर्षानं वाढली. चौदा नंबर आतापर्यंत सहा माणसांच्या पेशींत चाललं, सातव्यात नाही. सातव्यात का नाही, या विचारानं पुन्हा जीव टांगणीला लागलाय. अंगातली मोटर पंपामुळे होती म्हणे, पण पंप सुटला तरी ती पुरती बंद झालेली नाही. बहुधा ती माझीच आहे.

मामांना औषधं चालू झाली. मॅडमनी भांडून त्यांची बदली काचसामानाच्या कोठारात करून घेतली, हुद्दा तोच ठेवून. आता एकाच उशीवर झोपतात, पण कोठारावर मन बसत नाही. 'बाटल्या ओळख देत नाहीत,' म्हणतात.

आज दुपारी त्यांना शोधत गेले तर ते उंदीरघराच्या बाहेर उभे होते. आत नवीन माणूस पिंजरे बदलत होता आणि इतके दिवस मामांकडून उंदीर धरून घेणारी चष्मेवाली आता स्वतः धरायला शिकत होती. शेपटीच्या टोकाला धरत होती. मामांनी काचेवर टकटक केलं, स्वतःच्या डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून दाखवली, अशी, हळूच, बुडाशी धर. तिला कळेना. त्यांनी पुन्हा दाखवलं. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि तेच करून दाखवायला लागले.

आम्ही दोघं काचेबाहेर, मोकळ्या हातांनी, नसलेला उंदीर धरून. तिला जमेपर्यंत तिथेच होतो.